खाऱ्या पाण्यात बसलेली गाठ

गेर्लोफची रिन्स्के गेल्या बुधवारी गेली. पुरून आल्यावर प्रार्थनाघरात कॉफी आणि साखरेचा पाव झाला. तेव्हा बायका एकमेकींना सांगत होत्या, "किती सोशिक होती हो. एकतीस वर्षं काढली त्या घरात, तोंडातून कधी वावगा शब्द नाही." मी कॉफीचा कप खाली ठेवला. सोशिक म्हणे. त्या बाईच्या तोंडात शब्दच उरला नव्हता, तर वावगा कुठून येणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येईल. पण हे त्या बायकांना माहीत नाही आणि मला माहीत आहे, म्हणून लिहून ठेवतो. मी आट्टे, या गावचा चांदीकाम करणारा. वय सदुसष्ट. हात थरथरतो. अक्षर लागलं तर वाचा, नाही तर चुलीत घाला.

आमच्या फ्रीसलँडात पोरगा मुलीला मागणी घालतो ती तोंडाने नाही. तोंड देवाने आम्हाला जेवण्यापुरतंच दिलंय. पांढऱ्या तागाच्या रुमालात चांदीचं पदक ठेवायचं, वर सैलशी गाठ मारायची, ते गाठोडं मुलीच्या हातात द्यायचं, तिच्या आईने पुढे केलेली कॉफी प्यायची आणि घरी जायचं. पुढच्या रविवारी परत यायचं. मुलीने गाठ ओढून घट्ट केली असेल तर होकार. सोडून ठेवली असेल तर पदक खिशात, टोपी डोक्यावर, आणि चालू पडायचं. कोणी कोणाला काही विचारत नाही. मुलीला नाही म्हणावं लागत नाही, पोराला ते ऐकावं लागत नाही. फक्त एकच, गाठ सोडायची तर शेवटच्या दिवशी सोडायची. हातात पडल्या पडल्या सोडली तर तो माणसाच्या तोंडावर दार आपटल्यासारखा अपमान. चांगली रीत आहे असं मी कित्येक वर्षं म्हणत आलो, कारण माझं घर तिच्यावर चालायचं.

पदकांचे माझ्याकडे तीन साचे होते, तिन्ही पवित्र शास्त्रातल्या लग्नांचे. काना गावचं लग्न, त्यात पाण्याचे सहा रांजण. याकोब आणि राहेल, ते जरा हळव्या पोरांसाठी. आणि तिसरा विहिरीवरच्या रिबकेचा: मालकाच्या मुलासाठी बायको शोधत आलेल्या अब्राहामाच्या चाकराला ती पाणी पाजतेय आणि मागे त्याचे उंट. उंट मी जन्मात पाहिलेला नाही. माझे उंट म्हणजे पाठीवर टेंगूळ आलेल्या आमच्या गायीच. माझी बायको हिल म्हणायची, "आट्टे, एक दिवस त्याचं दूध काढायला बसशील बघ." पण लोक घ्यायचे. होकार आला की पदक माझ्याकडे परत यायचं आणि मी कडेने दोघांची नावं आणि साल कोरून द्यायचो.

अठराशे पंचवीसच्या जानेवारीत गेर्लोफ माझ्या दुकानात आला. उंचवट्यावरचं मोठं शेत, तीस दुभत्या गायी, प्रार्थनाघरात पहिल्या बाकावरची जागा. पहिली बायको जाऊन वर्ष उलटलं होतं. मी तिन्ही पदकं त्याच्यापुढे मांडली.

"कुठलं देऊ?"

त्याने एकेक उचलून उजेडात धरलं. "यातली बाई कामाची दिसते," म्हणाला, आणि पाणी शेंदणारी रिबका घेऊन गेला. मला तेव्हा हसू आलं होतं.

ती चांदी सिबेच्या रिन्स्केसाठी होती. सिबे म्हणजे समुद्र अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी राहणारा, जाळी विणून विकणारा, साधा माणूस. रिन्स्के त्याची एकुलती एक, वीस वर्षांची. उंच, हाडापेराने मोठी, चालताना लाकडी जोडे जोरात वाजवायची. बोलायला फटकळ. एकदा माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "काका, तुमच्या रिबकेला कोपरं दोन आहेत एकाच हाताला." मी बघितलं तर खरंच होती. सहा वर्षं ते पदक विकत होतो, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ती दोन वर्षं गेर्लोफकडे कामाला होती, त्याची पहिली बायको येल्त्ये छातीच्या दुखण्याने पडून होती तेव्हा. आमच्याकडे पलंग भिंतीतच असतो, कपाटासारखा, दोन दारांचा. थंडीत माणूस आत शिरून दारं ओढून घेतो. गेर्लोफने त्या दारांना बाहेरून खिट्टी बसवली होती. रात्री त्या बाईच्या खोकल्याने त्याची झोपमोड व्हायची, आणि दिवसा म्हणे तिच्याकडे बघवत नव्हतं. तो गोठ्यात गेला की रिन्स्के खिट्टी काढायची, येल्त्येला बसती करायची, खिडकीकडे तोंड करून ताक पाजायची, आणि त्याच्या जोड्यांचा आवाज आला की पुन्हा लावायची. एक दिवस उशीर झाला. तो तिला काही बोलला नाही, हातही लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून खिट्टीला कुलूप आलं. येल्त्ये त्या कुलपाआडच मेली.

हे रिन्स्केने फक्त हिलला सांगितलं होतं, आणि हिलने मला. मी काय म्हणालो? म्हणालो, "दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी चघळू नयेत." आम्ही मेन्नोच्या पंथाचे. भांडत नाही, कोर्टात जात नाही, चहाड्या करत नाही. तोंडात मिठाची गुळणी धरायची आणि तिला सद्गुण म्हणायचं, हे आम्हाला छान जमतं.

तीस जानेवारीच्या रविवारी गेर्लोफने सिबेच्या घरी जाऊन ते गाठोडं रिन्स्केच्या हातात ठेवलं. ती तिथल्या तिथे सोडणार होती. बापाने हात धरला. "पोरी, आठ दिवस दम धर. मोठा माणूस आहे. शनिवारी सोड, मी काही म्हणणार नाही." तिने बापाचं ऐकलं. गाठोडं फडताळात ठेवून दिलं.

शुक्रवारी बंधारा फुटला.

त्या पुराचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी बघितला त्यांना नको आहे, आणि बाकीच्यांना ते खरं वाटणार नाही. आमच्या गावातली एकोणीस माणसं गेली. त्यात रिन्स्केची आई होती. घरात कमरेइतकं पाणी आलं तेव्हा बाप माळ्यावर चढला होता, आई बकरी सोडायला मागे गेली आणि दिसेनाशी झाली. रिन्स्के तिला शोधायला पाण्यात उतरली. आई सापडली नाही. फडताळ तरंगत होतं, त्यातलं ते गाठोडं तिने घेतलं आणि चोळीत खोचलं. का घेतलं? दुसऱ्याची वस्तू म्हणून. रविवारी त्याला परत करायला लागली असती म्हणून. वाहून जाऊ दिलं असतं तर सुटली असती. पण असल्या घरात वाढलेली मुलगी असं करत नाही. दुसऱ्या दिवशी नाव येईपर्यंत ती बापाला धरून माळ्यावर बसली होती, आणि ते कापड तिच्या अंगाशी समुद्राच्या पाण्यात भिजत होतं.

शनिवारी दुपारी ती माझ्याकडे आली. आमचं घर प्रार्थनाघराशेजारी, जरा उंचावर; तरी दुकानात गुडघाभर पाणी येऊन गेलं होतं. माझ्या ओतकामाच्या वाळूचा चिखल झाला होता, साच्यांच्या लाकडी चौकटी फुगून तडकल्या होत्या. मी तेच चिवडत शिव्या देत होतो. ती दारात उभी. घागरा मिठाने कडक झालेला, पायात एकच जोडा.

"काका, एवढी गाठ सोडवून द्या. उद्या तो येईल."

"तुझी आई सापडली का?"

"आई गेली. ही सोडवा."

तिने हात पुढे केला. बोटांची नखं फाटून रक्त आलं होतं. गाठ सुपारीएवढी घट्ट बसली होती, जितकी ओढावी तितकी आवळणारी. माझ्याकडे दाभणं होती, चिमटे होते, नुसतं बसायची खोटी. पण मला माझे साचे दिसत होते. आणि खरं सांगायचं तर गेर्लोफही दिसत होता. त्याची गाठ आट्टेने सोडली, असं गावात झालं असतं.

मी म्हणालो, "मुलीच्या गाठीला तिसऱ्याने हात लावायचा नसतो."

"सोडतेय मीच. तुम्ही फक्त हात लावा. माझ्या बोटांत जोर नाही उरला."

"भिजलीय म्हणून तसं झालंय. चुलीजवळ वाळत ठेव, आपोआप सैल होईल."

"नक्की का?"

"मग काय खोटं सांगतोय?"

ती गेली. मी पुन्हा चिखलात हात घातला. चांदीतलं मला कळतं, कापडातलं काडीइतकं कळत नाही. तागाचं कापड खाऱ्या पाण्यात भिजून शेकोटीला वाळलं की त्याचं लाकूड होतं, हे इथल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. हिल नंतर म्हणाली, "गोड्या पाण्यात तासभर ठेवायला सांगितलं असतंस तर लहान मुलानेही सोडली असती. मी शेजारच्या खोलीत होते, आट्टे. विचारायला जीभ झडली होती का?"

रविवारी सगळं गाव प्रार्थनाघरात होतं, कारण दुसरीकडे कोरडी जमीनच नव्हती. गवतावर माणसं पडलेली, ओले कपडे बाकांवर टाकलेले, एका कोपऱ्यात एकोणिसांपैकी जी मिळाली ती अकरा माणसं शिडाच्या कापडाखाली झाकलेली. गेर्लोफ नावेतून आला. दूध आणलं, चीज आणलं, राईचे पाव आणले. त्याने स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाटलं. लोक त्याचे हात धरून रडत होते. मीही एक पाव घेतला. मग तो चुलीजवळ आला आणि काठावर ठेवलेलं ते गाठोडं त्याने उचललं. बोटाने गाठ दाबली, फिरवून बघितली.

"घट्ट आहे," तो म्हणाला.

रिन्स्के उठून उभी राहिली. "मी नाही केली."

"मग कोणी केली?"

आमचे उपदेशक ट्यूनिस तिथेच होते. दोन दिवस ते मेलेल्यांजवळ बसून होते, झोपले नव्हते. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. पण त्या दोन दिवसांत जो तो त्यांना एकच विचारत होता: आमचं घर का पडलं, त्याचं का राहिलं, देवाच्या मनात आहे काय? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आणि तेवढ्यात ही गाठ समोर आली.

"मुली, हे तुझ्याकडे कधीपासून होतं?" त्यांनी विचारलं.

"गेल्या रविवारपासून."

"मग सोडली का नाहीस?"

"बाबा म्हणाले, शनिवारपर्यंत थांब. रीत आहे म्हणून थांबले. शुक्रवारी पाणी आलं. पाण्याने आवळलीय ती."

"पाणी कोणी पाठवलं?"

तिचा आवाज फाटला होता, तरी ती बोलली. "ट्यूनिसभाऊ, या कापडात जे पदक आहे त्यावर रिबका आहे. तिची गोष्ट तुम्हीच आम्हाला शिकवलीत. तिच्या घरचे आधी म्हणाले, हे देवाकडूनच आलंय, आम्ही काय बोलणार. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं आणि विचारलं, या माणसाबरोबर जाशील का म्हणून. देवाकडून आलं होतं तरी विचारलं. मलाही विचारा."

मी सांगतो, तेव्हा लोक चुळबुळले. दोघातिघांनी माना हलवल्या. ट्यूनिससुद्धा थांबले. तिचा मुद्दा बिनतोड होता. आणखी एक शब्द तिच्या बाजूने पडला असता, तर त्या दिवशी ती सुटली असती.

ट्यूनिस म्हणाले, "तू खरंच सोडायला बघितलीस, याला कोणी साक्षी आहे?"

"आट्टेकाका आहेत. मी काल त्यांच्याकडे घेऊन गेले होते."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. हिल शेजारी बसली होती. सिबे बघत होता, ज्याची बायको त्या शिडाच्या कापडाखालीही नव्हती.

"आट्टे, मुलगी तुझ्याकडे आली होती?"

"आली होती."

"सोडवून दे म्हणाली?"

"म्हणाली."

"मग तू काय केलंस?"

आता यात काय अवघड होतं? सांगायचं, मी तिला हाकलली. माझे साचे भिजले होते, म्हणून जिची आई आदल्याच दिवशी गेली त्या मुलीला मी चूल दाखवली. एवढंच. पण एवढ्या माणसांसमोर, त्या बापासमोर, मला लाज वाटली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणालो, "मी खटपट केली. दाभण घालून बघितलं, चिमट्याने बघितलं. नाही सुटली."

मला वाटलं, याने तिचंच काम होईल. तिला सोडायची होती हे सिद्ध होईल, आणि माझीही लाज राहील. करायला गेलो एक.

आम्ही शपथ घेत नाही. आमच्यात हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. म्हणून आमच्या माणसाच्या साध्या शब्दाला दुसऱ्यांच्या दहा शपथांचं वजन असतं. ट्यूनिस उठून उभे राहिले. मग लोकांकडे वळून हळू म्हणाले, "जी गाठ कारागिराच्या हत्यारानेही सुटली नाही, ती माणसाने बांधलेली नाही."

प्रार्थनाघरात कोणीतरी हुंदका दिला. मग दुसऱ्याने. दोन दिवस ज्याची वाट बघत होते ते त्यांना मिळालं होतं. देव नुसताच बुडवत नव्हता, काहीतरी बांधतही होता. एक म्हातारी म्हणाली, "देवाला नाही म्हणू नको ग बाई, अजून पाणी ओसरलेलं नाही." सिबे गुडघ्यांवर सरकत मुलीजवळ गेला. म्हणाला, "तुझी आई नेली त्याने. आता त्याच्याशी भांडू नकोस."

मी रिन्स्केकडे बघत होतो. मला वाटलं ती ओरडेल, म्हणेल की हा थेरडा खोटं बोलतोय. तेव्हा मी थेरडा नव्हतो, पण तिने म्हणायला हवं होतं. ती म्हणालीच नाही. तिला ते खोटं आहे हे कळलंच नाही. शनिवारी ती माझ्या दारातूनच परत गेली होती, आणि गाठोडं रात्रभर प्रार्थनाघराच्या चुलीवर होतं. तिला वाटलं, मी मागाहून येऊन, ती झोपली असताना, खरंच खटपट केली असेल. आट्टेकाका खोटं कशाला बोलतील? ती त्या गाठीकडे बघायला लागली, आणि पहिल्यांदा मला तिच्या तोंडावर भीती दिसली. गेर्लोफची नाही. त्याची भीती तिला आधीपासून होती; ही देवाची होती.

"बरं," ती म्हणाली.

मार्चमध्ये गेर्लोफ ते गाठोडं माझ्याकडे घेऊन आला. नावं कोरायची तर पदक बाहेर काढायला हवं होतं. "कापायला लागलं तर काप," म्हणाला, आणि गेला. मी दार लावून घेतलं. वाडग्यात कोमट पाणी घेतलं, कापड त्यात बुडवलं, चिलीम पेटवली. चिलीम अर्धी झाली तेव्हा बोथट दाभण गाठीच्या पोटात घातलं. दोन वेळा हलवलं. सुटली. कापडाचा एक धागाही तुटला नाही.

मी तो रुमाल चुलीत टाकला आणि गेर्लोफला सांगितलं की कापावा लागला. म्हणजे आधीच्या खोट्यावर आणखी एक खोटं. पदकाच्या कडेने गेर्लोफ आणि रिन्स्के, अठराशे पंचवीस, असं कोरलं. त्या पदकावरची अक्षरं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुबक आहेत. मे महिन्यात लग्न झालं.

त्यानंतर ती मला रविवारी प्रार्थनाघरात दिसायची. जोडे वाजवत चालणं बंद झालं होतं. पण एक गोष्ट मला खटकायची: ती प्रार्थना मनापासून करायची. डोळे घट्ट मिटून, ओठ हलवत, सगळ्यांची आटोपली तरी तिची चालूच. पूर्वी ती प्रार्थनेत जांभया द्यायची. मी हिलला म्हणालो, "बघ, रुळली." हिल माझ्याकडे बघून म्हणाली, "मेंढी रुळते, आट्टे."

पुढच्या उन्हाळ्यात ताप आला. पुराचं खारं पाणी शेतांत साचून कुजलं होतं, त्याचा म्हणत. गावात एक घर सुटलं नाही. प्रेतपेट्या करायला फळ्या पुरेनात. रिन्स्केचं पहिलं मूल जूनमध्ये गेलं, चार महिन्यांचं. हिल ऑगस्टमध्ये पडली. ती जाणार हे दिसत होतं, तेव्हा मी तिला दाभणाची, रुमालाची, सगळी गोष्ट सांगून टाकली. वाटलं होतं, डोक्यावरून हात फिरवेल.

"मला कशाला सांगतोस?" हिल म्हणाली. "मी चाललेय. जिचं आहे तिला जाऊन सांग."

तिला पुरून तीन आठवडे झाल्यावर मी उंचवट्यावर गेलो. दुपारची वेळ होती, गेर्लोफ दूरच्या कुरणात होता. घरात कोणी नाही. पलंगाची दारं बंद, बाहेरून खिट्टी. कुलूप नव्हतं. मी खिट्टी काढली.

आत अंधार आणि तापाचा वास. ती कुशीवर पडली होती, केस कापलेले, एवढीशी झालेली. मला ओळखलं. "आट्टेकाका," म्हणाली, "पाणी द्या." मी पाणी दिलं, खिडकी उघडली, तिच्या पाठीशी उशी लावली. मग स्टुलावर बसून सांगितलं. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. साच्यांचं, चुलीचं, की त्या शनिवारी मी त्या गाठीला बोटही लावलं नव्हतं. की मार्चमध्ये अर्धी चिलीम होईतो ती सुटली होती.

सांगताना मला रडू येत होतं, आणि सांगून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की लाज वाटावी. मी वाट बघत होतो. तिने शिव्या घालाव्यात नाही तर माफ करावं, दोन्हीला मी तयार होतो.

ती छताकडे बघत होती. म्हणाली, "म्हणजे देवाने नव्हती बांधली."

"नाही. मीठ होतं नुसतं."

"मीठ."

"मी रविवारी सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो. ट्यूनिसना सांगतो. तू म्हणशील तसं करतो."

"आणि मग मी कुठे जाऊ?" तिने विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं. तिचा बाप ताप यायच्या आधीच गेला होता. बंधाऱ्याखालच्या घराच्या जागी आता डबकं होतं. नवरा सोडलेल्या बाईबरोबर आमच्यात कोणी एका टेबलाशी जेवत नाही.

ती बोलत राहिली, माझ्याशी नाही, स्वतःशीच. "हे दार बाहेरून लागलं ना, की मी त्याला म्हणायचे, देवा, तू बांधलंयस, तुझं काहीतरी मनात असेल. मग झोप यायची. बाळ गेलं तेव्हाही म्हटलं. त्यालाही माहीत असेल आपलं काय चाललंय, असं वाटायचं. काका, मला वाटायचं तो इथे आत असतो."

मी तिचा हात धरायला गेलो. तिने तो काढून घेतला.

"हे तुम्ही मला कशाला सांगितलंत?" ती म्हणाली.

तेवढ्यात अंगणात लाकडी जोडे वाजले. रिन्स्के म्हणाली, "दार लावा काका, आणि खिट्टी घाला. तो चिडेल." मी दार लावलं. खिट्टी घातली. गेर्लोफला म्हणालो, तुझ्या बायकोची चौकशी करायला आलो होतो. तो म्हणाला, झोपलीय ती.

तिचा ताप उतरला. ती आणखी तीस वर्षं जगली, तीन मुलं वाढवली, गेर्लोफला शेवटी अंगावरून वारं गेलं तेव्हा त्याला भरवलं, पुसलं, पुरलं. मी कधीच उभा राहून काही सांगितलं नाही. ती नको म्हणाली असं मी स्वतःला समजावत राहिलो, आणि ती तसं म्हणालीही नव्हती. रविवारी ती पहिल्या बाकावर बसायची, सगळे डोळे मिटायचे आणि ती उघडे ठेवून समोरच्या भिंतीकडे बघायची. ओठ पुन्हा कधी हलले नाहीत. गेर्लोफने तिला त्या पलंगात कोंडली तेव्हा निदान ती एकटी नव्हती. मी माझं मन हलकं करायला गेलो, आणि त्या दुपारपासून ती एकटी झाली.